तासगावची पेटी आणि अश्रूंचं दार

फेब्रुवारी २०२४ मधली एक संध्याकाळ. तासगाव तालुक्यात दाजींच्या शेडमध्ये आम्ही चहा पीत बसलो होतो. चौघा शेतकऱ्यांनी मिळून एका निर्यातदारामार्फत युरोपला द्राक्षं पाठवली होती. बोट न्हावा शेवाहून सुटून दहा-बारा दिवस झाले होते आणि भाचा मोबाइलवर त्या बोटीचा ठिपका दाखवत होता. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तर, युरोप वरच्या अंगाला हाय नव्हं? मग ही बोट खाली कुठं निघालीया?"

ठिपका आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूनं दक्षिणेकडं सरकत होता. एरवी तो पश्चिमेला एडनच्या आखातात शिरला असता. तिथून तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि मग रॉटरडॅम. तीन-साडेतीन आठवड्यांचं काम. त्या हंगामात बोटीवाल्यांनी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायचं ठरवलं होतं. म्हणजे आणखी दोन आठवडे.

"तिकडं येमेनात लढाई चाललीय ना, म्हणून," भाचा म्हणाला.

"लढाई त्यांची, आणि देठ आमचा वाळायचा व्हय?"

देठाचं हे प्रकरण बागायतदारांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. युरोपातला खरेदीदार पेटी उघडली की मण्याच्या आधी देठ बघतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा; देठ तपकिरी झाला की मणी कितीही कडक आणि गोड असू दे, भाव पडतो. कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास तापमान ठेवतात, पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालतात, त्यानं बुरशी थांबते. देठ वाळायचा मात्र थांबत नाही, फार तर सावकाश वाळतो. दिवस जितके जास्त, तितका देठ तपकिरी.

मी इतिहासाचा मास्तर. सांगलीत तीस वर्षं शिकवलं. त्या संध्याकाळी दाजींना जे सांगितलं ते अर्धवट होतं, कारण चहा संपला आणि लाइट यायच्या आत त्यांना मोटारीकडं जायचं होतं. पुरतं आता सांगतो.

खंबाटकीचा घाट, पण समुद्रातला

येमेन आणि आफ्रिका यांच्यामध्ये तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड आहे. त्याला अरबीत बाब-अल-मंदेब म्हणतात, म्हणजे अश्रूंचं दार. हे तोंड अगदी चिंचोळ्या जागी साधारण तीस किलोमीटर रुंद आहे. सांगलीहून तासगाव जितकं, त्याच्यापेक्षा थोडं जास्त. मधोमध नाही, येमेनच्या अंगाला एक छोटं बेट आहे, पेरिम किंवा मय्यून. आशिया आणि युरोप यांच्यातला बहुतेक समुद्री व्यापार एरवी या फटीतून जातो. सुएझ कालव्यातून जगाच्या व्यापाराचा सुमारे बारा टक्के भाग जात असे, आणि कालव्यात दक्षिणेकडून शिरायचं तर आधी या दारातूनच यावं लागतं.

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीत एखादा ट्रक आडवा झाला की काय होतं ते आपल्याला पाठ आहे. शिरवळपासून रांग लागते. शहाणा माणूस लोणंदवरून फिरून येतो, डिझेल जास्त जाळतो आणि दोन तास उशिरा पोचतो. मालकी हक्कानं पाहिलं तर घाटाची जमीन कवडीमोलाची, तिथं पीक येत नाही. पण ज्याची चौकी घाटात, त्याच्यापुढं सगळ्या मुलखातल्या बैलगाड्या थांबतात. जुन्या काळी जकातीची नाकी घाटमाथ्यावर असत ती याचसाठी. बाब-अल-मंदेबच्या दोन्ही तीरांवर तरी काय आहे? खडक, मीठ, ऊन. पण जगातल्या बड्या सत्ता गेली दोनशे वर्षं तिथं चौकी टाकायला धडपडताहेत.

बड्यांची चढाओढ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं लढाई येते. प्रत्यक्षात लढाई क्वचित होते. बहुतेक वेळ जागा भाड्यानं घेणं, बंदर बांधून देणं, कर्ज देणं, कुणाच्या तरी गादीवर आपला माणूस बसवणं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला तिथं येऊ न देणं, असंच चालतं. हे कसं करतात हे समजून घ्यायला येमेनला जायची गरज नाही. साताऱ्यात झालेलं आहे.

१८३९, सातारा आणि एडन

हा योगायोग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं एडन घेतलं. हुकूम सुटला होता मुंबई सरकारचा. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला त्याच मुंबई सरकारनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवरून उतरवून काशीला धाडलं. एकाच कचेरीतून, एकाच वर्षात, दोन निकाल.

एडन कशाला हवं होतं? कोळशासाठी. वाफेच्या बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे नावाची आगबोट १८३० मध्ये सुएझपर्यंत जाऊन आली, पण तिच्या पोटात कोळसा भरला तर माणसांना आणि सामानाला जागा उरेना. वाटेत कोळशाची वखार पाहिजे होती. शिवाय इजिप्तमध्ये महंमद अलीचं प्रस्थ वाढत होतं, त्याच्या पाठीशी फ्रेंच होते, आणि नेपोलियन एकदा इजिप्तपर्यंत येऊन गेल्याची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. निमित्तही मिळालं. इंग्रजी निशाणाचं दर्या दौलत नावाचं जहाज १८३७ मध्ये एडनजवळ फुटलं आणि लुटलं गेलं. भरपाई मागायला गेलेला कॅप्टन हेन्स शेवटी गाव घेऊनच थांबला.

पुढं जवळजवळ शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. १९३७ मध्ये ते हिंदुस्थानापासून वेगळं काढलं. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनच्या तुरुंगात का ठेवलं, असा प्रश्न लहानपणी मला पडायचा. इतक्या लांब, परक्या मुलखात? तर परका नव्हता, मुंबई सरकारचाच होता तो. तिथंच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

आता सातारा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. १८१९ चा तह झाला. राज्य महाराजांचं, दरबार महाराजांचा, पण शेजारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीनं नेमलेला अधिकारी. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ, मराठ्यांच्या इतिहासामुळं आपल्याला माहीत असलेला. तहात एक अट होती, तीच सगळ्यात महत्त्वाची: कंपनीला बाजूला ठेवून कुठल्याही परक्या सत्तेशी, संस्थानिकाशी किंवा सरदाराशी महाराजांनी व्यवहार करायचा नाही. सैन्य, जमीन, खंडणी यापेक्षा हे कलम जड होतं. बड्या सत्तेचा प्रभाव म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं तर मी हे कलम दाखवतो. तुम्ही तुमच्या घरात काय करता याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. तुमच्या दारात दुसरं कोण येतं यावर त्यांचं लक्ष असतं.

महाराजांवर १८३९ मध्ये जे आरोप ठेवले, त्यात एक होता गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा. खरा की खोटा, यावर महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं भांडले. पण आरोपाचा प्रकार बघा. दुसऱ्या सत्तेशी बोललात, हा गुन्हा. मुंबईचा गव्हर्नर स्वतः साताऱ्याला आला, कबुलीवर सही करा म्हणाला. महाराजांनी केली नाही. गादी गेली. त्यांच्या जागी भाऊ शहाजी बसले, ते १८४८ मध्ये वारले तेव्हा दत्तक अमान्य झाला आणि राज्य खालसा.

मला यातून एक गोष्ट दिसते, आणि बाकीचा लेख तिच्याच भोवती आहे. साताऱ्यापुढं त्या वेळी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. फ्रेंच संपले होते, पोर्तुगीज नावाला उरले होते. एकच सावकार असलेल्या गावात कर्जदाराला भाव करता येत नाही.

तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या देशांचं नशीब वेगळं निघालं, कारण तिथं सावकार कायम दोन-तीन असायचे. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि त्या खडकाळ किनाऱ्याला एकदम भाव आला. पेरिम बेट इंग्रजांनी १८५७ मध्येच ताब्यात ठेवलं होतं. फ्रेंचांनी समोरच्या किनाऱ्यावर ओबोक घेतलं, मग शेजारी जिबुती वसवलं. इटलीनं असब आणि मसावा घेतलं. सोमाली लोकांचा मुलूख तिघांनी वाटून घेतला. एकमेकांची तोंडं न बघणारे शेजारी बांधाला बांध लावून बसले.

पॅनेल बदललं

शीतयुद्धातला एक किस्सा तर आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत शोभला असता. इथिओपियात सम्राट हैले सेलासी अमेरिकेच्या बाजूचे. अस्मारा इथं अमेरिकेचं मोठं रेडिओ-टेहळणी केंद्र. शेजारचा सोमालिया रशियाच्या गोटात; बर्बेरा बंदरात रशियानं नाविक तळ उभारला, लांबलचक धावपट्टी बांधली. १९७४ मध्ये सम्राटांना लष्करानं उतरवलं आणि नवे राज्यकर्ते डावीकडं झुकले. १९७७ मध्ये सोमालियाच्या सियाद बारेनं संधी साधली आणि इथिओपियाच्या ओगाडेन भागात फौज घुसवली. तिथं सोमाली लोकच राहतात, तो भाग आपला, असं त्याचं म्हणणं.

रशियाची पंचाईत झाली. दोन्ही घरं आता आपलीच, आणि दोघं भांडायला लागले. रशियानं हिशेब मांडला: इथिओपिया मोठा, लोकसंख्या जास्त. विमानं भरभरून शस्त्रं इथिओपियाला गेली, क्युबाचे हजारो सैनिक आले. नोव्हेंबर १९७७ मध्ये बारेनं चिडून रशियनांना हाकललं. १९७८ च्या मार्चपर्यंत सोमालियाची फौज मागं हटली. आणि १९८० मध्ये अमेरिकेनं सोमालियाशी करार करून बर्बेरा वापरायला घेतलं. रशियानं बांधलेली धावपट्टी अमेरिकेला मिळाली, अमेरिकेच्या जुन्या दोस्ताच्या घरात रशियन सल्लागार राहायला आले. तीन वर्षांत अख्खी पॅनेलं बदलली.

यात बड्यांची तत्त्वं शोधायला जाऊ नये. पण छोट्यांची हुशारीही फार वाखाणू नये. सोमालियात बारेचं सरकार १९९१ मध्ये कोसळलं, देशाचे तुकडे झाले, आणि दोन्ही महासत्तांनी ओतलेली हत्यारं गल्लोगल्ली हिंडत राहिली. शीतयुद्ध संपलं तसं गिऱ्हाइकांचं लक्षही उडालं होतं. ज्या सौद्यात दोन बोलणारे असतात तो चढतो. दोघंही एकदम उठून गेले तर माल तुमच्याच गळ्यात.

एका चाळीत पाच भाडेकरू

आता जिबुती. हा देश २७ जून १९७७ रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी क्षेत्रफळ जिबुतीपेक्षा थोडं कमीच भरतं. पण आपल्या दोन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेत ५८ लाखांवर माणसं होती, तिथं अख्ख्या देशात दहा लाखांच्या आसपास. पाऊस नाही, शेती नाही म्हटली तरी चालेल. समुद्रसपाटीपेक्षा दीडशे मीटर खाली असलेलं एक मिठाचं सरोवर आहे, ते बघायला लोक जातात.

या देशाकडं विकायला एकच वस्तू होती: जागा. आणि त्यानं ती विकली नाही, भाड्यानं दिली. एकाला नाही, पाच जणांना.

फ्रेंच तर आधीपासूनचे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिका आली आणि फ्रेंच लष्कराच्या जुन्या छावणीत राहिली. तिचं नाव कॅम्प लेमोनिये. आफ्रिका खंडातला अमेरिकेचा हा एकमेव कायमचा तळ. चार हजारांच्या आसपास माणसं. २०१४ मध्ये करार नवा केला तेव्हा भाडं वर्षाला सहा कोटी तीस लाख डॉलर ठरलं. पुढं सोमाली चाचे माजले. २००८ पासून भारत, चीन, युरोप, सगळ्यांच्या युद्धनौका एडनच्या आखातात फिरू लागल्या आणि सगळ्यांना डिझेल, पाणी, भाजीपाला लागू लागला. २०११ मध्ये जपाननं तळ उघडला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा त्यांचा परदेशातला पहिला. मग इटली. आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी चीन. चिनी लष्कराचाही हा परदेशातला पहिला तळ, अमेरिकेच्या छावणीपासून काही किलोमीटरांवर.

चाळीत राहिलेल्यांना पुढचं कळेल. २०१८ मध्ये अमेरिकेनं तक्रार केली, की चिनी तळाकडून लेसरचा झोत मारतात, आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांना इजा झाली. चीन म्हणाला, आम्ही असलं काही केलेलं नाही. मालकानं दोघांकडून भाडं घेतलं.

माझ्या मते जिबुतीची युक्ती ही आहे: प्रतापसिंह महाराजांवर ज्या गोष्टीचा गुन्हा ठेवला, ती हा देश राजरोस करतो. सगळ्यांशी बोलतो. एकाला काढायचं म्हटलं तर बाकीचे चौघं आहेत, आणि कुणी एकानं दादागिरी केली तर उरलेल्यांना ती खपणार नाही. भाडेकरूंच्या आपसातल्या संशयावर मालकाची झोप शांत.

पण घराला गहाणखतही आहे, ते विसरू नये. इथिओपियात बारा कोटींवर लोक राहतात आणि १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यापासून त्यांना समुद्रकिनारा नाही. त्यांचा बहुतेक सगळा आयात-निर्यात माल जिबुतीतून जातो. या मालासाठी आदिस अबाबा ते जिबुती अशी साडेसातशे किलोमीटरची विजेवरची रेल्वे चिनी कंपन्यांनी बांधली, पैसे मुख्यतः चिनी बँकेचे. बंदरात चिनी कंपनीची भागीदारी. दुबईच्या एका मोठ्या बंदर कंपनीला कंटेनर टर्मिनलचं कंत्राट दिलं होतं, ते सरकारनं फेब्रुवारी २०१८ मध्ये काढून घेतलं. त्याचे खटले चालले. जिबुतीच्या परकीय कर्जात चीनचा वाटा मोठा आहे. म्हणजे लष्कराच्या बाबतीत पाच सावकार आणि पैशाच्या बाबतीत जवळजवळ एक. पहिली गोष्ट ऐकून जिबुतीचं कौतुक करणाऱ्यांनी दुसरीही ऐकावी. साताऱ्याचा तह फौजेनं लादला होता, हा रुळांवरून येऊ शकतो.

आता अलीकडं तर मधल्या दर्जाचे पैलवानही आखाड्यात उतरलेत. अमिरातींनी बर्बेरा बंदरात पैसा घातला आणि येमेनच्या लढाईसाठी असबमध्ये काही वर्षं तळ चालवला. तुर्कस्ताननं २०१७ मध्ये मोगादिशूला लष्करी प्रशिक्षण तळ उघडला. रशिया सुदानकडं बंदरात जागा मागत राहिला आहे. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियानं सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडशी समुद्रावर जागा मिळण्यासाठी सामंजस्य करार केला तेव्हा सोमालिया खवळला. तो वाद डिसेंबरात तुर्कस्ताननं मध्ये पडून थंड केला. या भांडणातले धागे मोजायला गेलं तर माणूस सुताच्या गुंड्यात अडकतो, म्हणून पुढं सरकतो.

आपणही यात साधे प्रेक्षक नाही. ओमानच्या दुक्म बंदरात आपल्या नौदलाला सोयी मिळाल्या आहेत. दाजींची बोट आफ्रिकेला वळसा घालत होती त्याच महिन्यात, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतानं बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं. सेशेल्सच्या असम्पशन बेटावरही आपल्याला सोयी उभारायच्या होत्या, पण तिथल्या लोकांनी विरोध केला आणि ते बारगळलं. चीननं बंदर बांधलं की आपण त्याला गळफास म्हणतो, आपण बांधलं की मैत्री. सेशेल्सच्या माणसाला दोन्हींत फरक दिसेलच असं नाही.

तळ पाच, दार तरी बंद

आणि आता दाजींच्या प्रश्नाकडं. दारावर एवढे पहारेकरी असताना ते बंद झालंच कसं?

हुथी ही येमेनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली झैदी शिया पंथीयांची संघटना. २०१४ मध्ये त्यांनी राजधानी सना घेतली. २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली त्यांच्यावर हवाई हल्ले सुरू झाले. इराणनं त्यांना क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचं तंत्र पुरवलं. त्याच वर्षी आपल्या सरकारनं ऑपरेशन राहत करून येमेनमधून चार हजार सहाशेवर भारतीयांना बाहेर काढलं, आणि त्यांतल्या पुष्कळांना आधी जिबुतीत उतरवलं. चाळीतल्या पाहुण्यांच्या खोलीचा आपल्यालाही उपयोग झाला.

गाझातलं युद्ध पेटल्यावर हुथींनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेलिकॉप्टरनं उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पळवलं. इस्रायलशी संबंधित जहाजांना सोडणार नाही, म्हणाले. पण कुठल्या जहाजाचा मालक कोण, झेंडा कुणाचा, माल कुणाचा, हे समुद्रात कुणाला धड ठरवता येत नाही. काही आठवड्यांत मोठ्या कंपन्यांनी हा रस्ताच सोडला. अमेरिकेनं बाकीच्या देशांना घेऊन संरक्षण मोहीम काढली, जानेवारीत अमेरिका आणि ब्रिटननं येमेनवर हल्ले केले. दार उघडलं नाही.

हिशेब साधा आहे. हुथींचा ड्रोन काही हजार डॉलरांचा. तो पाडायला युद्धनौकेवरून जे क्षेपणास्त्र सुटतं ते वीस लाख डॉलरांच्या घरात. आणि शंभरातले नव्व्याण्णव पाडले तरी विमा कंपनी उरलेल्या एकाचं बघते. त्या काळात या रस्त्यानं जायला युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्यापर्यंत चढला होता. जहाज दहा कोटी डॉलरांचं असेल तर एका खेपेला दहा लाख डॉलर. त्यापेक्षा आफ्रिकेचा वळसा परवडतो. म्हणजे हुथींना प्रत्येक जहाज बुडवायची गरजच नव्हती. लंडनमधल्या विम्याच्या कारकुनाला घाबरवलं की पुरे.

चीनचा तळ तिथंच, पण चीन त्या मोहिमेत आला नाही. तुमच्या जहाजांना हात लावणार नाही असं हुथींनी चीन आणि रशियाला सांगितलं होतं, तरी मार्च २०२४ मध्ये चिनी मालकीच्या हुआंग पु या तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलंच. भारतानंही अमेरिकेच्या मोहिमेत नाव घातलं नाही; स्वतःच्या दहाहून जास्त युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडं पाठवल्या. २६ जानेवारीला मार्लिन लुआंडा हे जहाज पेटलं, त्यावर बावीस भारतीय खलाशी होते. आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमचे लोक गेले. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्सवर तिघं खलाशी मेले, उरलेल्यांना आयएनएस कोलकातानं उचललं.

मरणारे तिघं फिलिपिन्स आणि व्हिएतनामचे होते. या भांडणातल्या कुठल्याच बाजूचे नाहीत. इजिप्तचंही तसंच: त्यांनी गोळी झाडली नाही, पण २०२४ मध्ये सुएझ कालव्याचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आलं.

बड्या सत्ता दाराशी बसून एकमेकांवर नजर ठेवण्यात इतक्या गुंतल्या होत्या, की घाटातल्या दगडफेक्याचं गणित कुणी मांडलंच नव्हतं, असं मला वाटतं. तळ असतो तो दुसऱ्या बड्याला रोखायला. डोंगरातून येणाऱ्या स्वस्त ड्रोनपुढं त्याचा धाक चालत नाही.

दाजींची बोट पोचली मार्चच्या मध्यात. निर्यातदारानं पेटी उघडल्याचे फोटो पाठवले. मणी सुरेख होते, हिरवट पिवळे, एकसारखे. देठ मात्र शेंगदाण्याच्या टरफलासारखे झाले होते. भाव तुटला, त्यातून जादाचं भाडं वजा झालं, आणि हातात आलेली रक्कम दाजींनी मला सांगितली नाही. ताईनं सांगितली, मी ती इथं लिहीत नाही.

मे २०२५ मध्ये ओमाननं मध्यस्थी करून अमेरिका आणि हुथींचं आपसातलं भांडण थांबवलं. जुलैत हुथींनी आठवड्याभरात दोन मालवाहू जहाजं बुडवली, मॅजिक सीज आणि इटर्निटी सी. ऑक्टोबरात गाझात युद्धबंदी झाली. आपल्याकडं तो छाटणीचा महिना. छाटणी केल्यापासून साधारण चार महिन्यांनी माल हाती येतो, म्हणजे फेब्रुवारीत समुद्रात काय परिस्थिती असेल याचा अंदाज बागायतदारानं कात्री हातात घेताना करायचा. त्यात पाऊसही लांबला होता, घड मोजकेच निघतील असं दिसत होतं.

दिवाळीत गेलो तेव्हा दाजी बांधावर उभे होते. दोन प्लॉट, मध्ये पाण्याची चारी. वरच्या प्लॉटकडं हात करून म्हणाले, "हा युरोपला." मग खालच्या, मोठ्या प्लॉटकडं बघितलं.

"आणि हा?"

"ह्याचा बेदाणा करायचा. बेदाण्याला देठ नसतोय मास्तर."